लुइस्टनची सून

अमेरिकेच्या नकाशात उजव्या हाताला, अगदी वरच्या कोपऱ्यात मेन नावाचे राज्य आहे. वर्गात उत्तर अमेरिका शिकवताना आम्ही न्यूयॉर्क दाखवतो, शिकागो दाखवतो, पंचमहासरोवरे दाखवतो आणि तेवढ्यात तासाची घंटा होते. मेनपर्यंत कोणी पोहोचत नाही. पाइनची जंगले, बटाट्याची शेते, समुद्रात शेवंडाची मासेमारी, लांब लांब पसरलेली लहान गावे आणि सहा महिने थंडी. 2000 च्या जनगणनेत या राज्यातील शंभरातली जवळजवळ 97 माणसे गोरी होती. अमेरिकेतील सर्वांत गोऱ्या राज्यांत त्याची गणना होते.

या राज्यात ॲन्ड्रोस्कॉगिन नदीच्या काठी लुइस्टन नावाचे शहर आहे. शहर म्हणायचे ते त्यांच्या हिशेबाने; वस्ती छत्तीस-सदतीस हजार. आपल्याकडे एवढ्या वस्तीला तालुक्याचे गाव म्हणतील. नदीचे पाणी कालव्यांत वळवून 1850 नंतर तिथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या. त्यांतली सर्वांत नावाजलेली बेट्स मिल. आणि या मिलचा सर्वांत नावाजलेला माल कोणता? पलंगावर अंथरायच्या चादरी!

आम्ही सोलापूरचे. आमचे दादा गिरणीत साच्यावर होते. भोंगा वाजला की घराघरांतून माणसे बाहेर पडायची, हे आम्ही फक्त ऐकले; आमच्या आठवणीत गिरण्यांच्या चिमण्या आहेत, धूर नाही. बेट्स मिलमध्येही एके काळी हजारो कामगार होते. तीही हळूहळू मोडत गेली आणि 2001 साली बंद झाली. म्हणून लुइस्टनबद्दल वाचताना परदेशाबद्दल वाचतो आहोत असे आम्हाला फारसे वाटले नाही.

पण लुइस्टन आमच्या घरात शिरले ते चादरींमुळे नव्हे, एका स्थळामुळे.

आमचा मावसभाऊ बोस्टनला संगणकाच्या नोकरीत आहे. त्याने मागच्या वर्षी फोनवर खालाला सांगितले की, त्याला एका मुलीशी निकाह करायचा आहे. मुलगी परिचारिका आहे. नमाज-रोजाची पाबंद आहे. लुइस्टनला वाढली. एवढे ऐकेपर्यंत खाला खूश होती. मग त्याने फोटो पाठवला. मुलगी सोमाली होती.

खालाने फोन बोटांनी मोठा करून फोटो पाहिला, परत लहान केला आणि पदराखाली ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी आम्हाला बोलावणे आले. "तू मास्तर है. पढालिखा है. उसकू समझा," खाला म्हणाली. "लडकी नमाजी है, मानी मैं. पर काली है बेटा. लोगां क्या बोलेंगे?"

समजवायचे म्हणजे आधी स्वतःला समजले पाहिजे. ही मुलगी आफ्रिकेतली, मग त्या गोऱ्या मुलुखात कशी पोहोचली? तिथे तिचे काय झाले? आम्ही रोज रात्री पेपर तपासून झाले की थोडे थोडे वाचत गेलो. जे हाती लागले ते इथे मांडतो आहोत, कारण ते वाचताना आम्ही लुइस्टनपेक्षा आमच्या मोहल्ल्याचाच विचार जास्त केला.

*

गोऱ्यांचा प्रदेश म्हटला की आपल्याला वाटते, सगळे गोरे एक. तसे ते कधीच नव्हते. लुइस्टनचे कालवे खणायला आयर्लंडचे मजूर आले. ते कॅथलिक होते. आधीचे रहिवासी प्रोटेस्टंट. 1854 साली मेनमधल्याच बाथ या गावी जमावाने कॅथलिकांचे प्रार्थनास्थळ जाळले. त्याच वर्षी एल्सवर्थ या गावात फादर जॉन बाप्स्ट नावाच्या धर्मगुरूला लोकांनी पकडून अंगाला डांबर फासले, वर पिसे चिकटवली. त्याचा गुन्हा काय? सरकारी शाळेत कॅथलिक मुलांना प्रोटेस्टंटांच्या बायबलची सक्ती करू नका, एवढेच त्याचे म्हणणे होते. भांडण शाळेवरून सुरू झाले होते. शिक्षक असल्यामुळे असेल, हा तपशील आमच्या मनातून जात नाही.

मग गिरण्यांत काम करायला कॅनडाच्या क्युबेक प्रांतातून रेल्वेने फ्रेंच बोलणारी माणसे आली. गरीब, मोठ्या कुटुंबांची, कॅथलिक. नदीच्या काठाला दाटीवाटीच्या चाळीवजा इमारतींत राहिली. त्या वस्तीला 'लिटल कॅनडा' नाव पडले. त्यांनी आपले फ्रेंच वर्तमानपत्र काढले, आपल्या शाळा चालवल्या आणि गिरणीच्या पगारातून वर्गणी काढून एक प्रचंड चर्च बांधले. ते आजही गावाच्या माथ्यावर उभे आहे.

ही माणसेही गोरीच होती. पण 1919 साली मेन राज्याने कायदा केला की, शाळेत शिकवण्याची भाषा इंग्रजीच असेल. फ्रेंच हा परकी भाषेचा विषय म्हणून शिकवता येईल, फ्रेंचमधून काही शिकवता येणार नाही. मधल्या सुट्टीत फ्रेंच बोलले म्हणून मुलांना शिक्षा झाल्या. 'मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही' असे पुनःपुन्हा लिहून काढायला लावल्याच्या आठवणी तिथली म्हातारी माणसे सांगतात. हा कायदा अनेक दशके टिकला. तो रद्द झाला तोवर एका पिढीने आपल्या मुलांशी घरातही फ्रेंच बोलणे सोडून दिले होते.

याच काळात कू क्लक्स क्लॅन मेनमध्ये फोफावली. आम्ही समजत होतो की पांढऱ्या टोप्या घालून क्रूस जाळणारी ही टोळी फक्त दक्षिणेकडे, काळ्यांच्या विरोधात. पण 1923 मध्ये मेनच्या मायलो नावाच्या गावातून तिने भर दिवसा मिरवणूक काढली. त्या मुलुखात काळी माणसे होती कुठे? तिथे क्लॅनचे लक्ष्य होते कॅथलिक, आणि त्यांतही फ्रेंच बोलणारे. 1924 साली गव्हर्नर म्हणून निवडून आलेल्या राल्फ ब्रूस्टर यांना क्लॅनचा पाठिंबा होता.

यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. द्वेषाला काळा माणूसच लागतो असे नाही. तो मिळाला नाही तर द्वेष गोऱ्यांतूनच कोणीतरी निवडतो. कधी भाषा पाहून, कधी प्रार्थनेची पद्धत पाहून.

*

1991 साली सोमालियाचे सरकार कोसळले आणि यादवी सुरू झाली. लाखो माणसे पळून केनियाच्या छावण्यांत गेली. कित्येकांची दहा-दहा वर्षे तंबूत गेली. त्यांतल्या काहींना अमेरिकेने आश्रय दिला आणि अटलांटासारख्या, कोलंबससारख्या मोठ्या शहरांत नेऊन ठेवले. तिथे वस्त्या धोक्याच्या, मुलांच्या शाळा वाईट. लोक दुसरी जागा शोधू लागले. मेनमधील पोर्टलँडला काही कुटुंबे गेली. तिथे घरे कमी पडली, तेव्हा फेब्रुवारी 2001 पासून पहिली कुटुंबे लुइस्टनला आली. शांत गाव, स्वस्त भाडे, बरी शाळा, मुलांवर नजर ठेवता येईल एवढाच पसारा. गिरणी बंद पडत होती, दुकानांना कुलपे लागली होती, तरुण गाव सोडत होते. त्याच वर्षी ही माणसे आली.

दीड वर्षात हजाराहून अधिक सोमाली आले. हिजाबातल्या बायका, पाच-सहा मुले, इंग्रजी येत नाही, बर्फ कधी पाहिलेले नाही. गावात कुजबुज सुरू झाली. यांना सरकार फुकट मोटारी देते म्हणे. यांना भाडे भरावेच लागत नाही म्हणे. 'म्हणे' हा शब्द सगळ्या भाषांत असावा.

1 ऑक्टोबर 2002 रोजी महापौर लॅरी रेमंड यांनी सोमाली वडीलधाऱ्यांना उघडे पत्र लिहिले. आमच्या गावाची ऐपत संपली आहे, पैशाने, जागेने आणि मनानेही. तुमच्या लोकांना इथे येण्याचा वेग कमी करायला सांगा, असा त्याचा मतलब होता. पत्राची भाषा सभ्य होती. शिवी एकही नव्हती. पण ज्यांनी एका देशातून जीव घेऊन पळ काढला, त्यांना पत्रात काय वाचायला मिळाले असेल? सोमाली वडीलधाऱ्यांनी उत्तर पाठवून आपली नाराजी स्पष्ट कळवली.

सभ्य भाषेची आम्हालाही ओळख आहे. नोकरी लागली तेव्हा परगावी खोली शोधत होतो. एका घरी खोली पसंत पडली, भाडे ठरले, चहा झाला. मग नाव विचारले गेले. त्यानंतर मालकांना आठवले की ही खोली कालच दुसऱ्याला दिली आहे. आवाज जराही चढला नाही. चहाचा कप मात्र अजून आमच्या हातातच होता.

महापौरांच्या पत्राची बातमी देशभर गेली आणि गोऱ्यांचे वर्चस्व मानणाऱ्या एका संघटनेने लुइस्टनमध्ये सभा जाहीर केली. तारीख 11 जानेवारी 2003. कडाक्याची थंडी. सभेच्या तीन दिवस आधी त्या संघटनेच्या म्होरक्याला एका न्यायाधीश बाईंच्या खुनाचा कट केल्याच्या आरोपावरून शिकागोत अटक झाली. सभेला जेमतेम तीसेक माणसे जमली. त्याच दिवशी त्याच गावात, बेट्स कॉलेजच्या व्यायामशाळेत चार हजारांहून अधिक माणसे सोमालींच्या बाजूने एकत्र आली. नवे गव्हर्नर आले, सिनेटर आले. महापौर मात्र सुट्टीवर फ्लोरिडाला होते.

हे वाचून आमच्या डोळ्यांत पाणी आले, हे सांगायला संकोच वाटत नाही. जिथे शंभरातले 97 गोरे, तिथे तीस एका बाजूला आणि चार हजार दुसऱ्या बाजूला! पण गोष्ट इथे संपवली तर ती खोटी होईल. मोर्चा एका दिवसाचा असतो. शेजार रोजचा असतो.

3 जुलै 2006 रोजी संध्याकाळच्या नमाजेच्या वेळी एका माणसाने मशिदीच्या दारातून डुकराचे गोठलेले मुंडके आत घरंगळत सोडले. पुढल्या वर्षी तिथल्या एका शाळेत सोमाली मुले जेवत असलेल्या टेबलावर एका विद्यार्थ्याने डुकराचे मांस आणून ठेवले. त्यावर कोणीतरी थट्टेचा लेख लिहिला, त्यात अधिकाऱ्यांच्या तोंडी खोटी वाक्ये घातली, आणि एका राष्ट्रीय वाहिनीने ती खरी समजून वाचून दाखवली, वर हसली. 2012 मध्ये नंतरचे महापौर रॉबर्ट मॅक्डोनाल्ड यांनी मुलाखतीत सांगितले की येणाऱ्यांनी आपली संस्कृती दाराबाहेर ठेवून यावे. त्यानंतरही ते निवडून येत राहिले.

आणि 2015 चा तो पानगळीचा हंगाम पाहा. महापौरपदाच्या निवडणुकीत बेन चिन नावाचा चिनी वंशाचा उमेदवार उभा होता. त्याला हो ची मिन्हच्या नावावरून हिणवणारे मोठमोठे फलक गावात लागले. त्याच आठवड्यांत लुइस्टन हायस्कूलचा फुटबॉल संघ एकही सामना न हरता राज्याच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि जिंकला. प्रशिक्षक माइक मॅकग्रॉ हे जुने, गोरे मास्तर. खेळाडू सोमाली, काँगोचे, केनियाच्या छावणीत चेंडू लाथाडायला शिकलेले, गोलरक्षक गोरा. संघाची घोषणा स्वाहिली भाषेत होती. अर्थ, भाऊ-भाऊ एकत्र. एकाच गावात, एकाच महिन्यात दोन्ही! फलक वाचून थांबणारा म्हणेल, हे गाव द्वेष्टे. सामना पाहून परतणारा म्हणेल, हे गाव थोर. दोघेही अर्धेच पाहून बोलतील.

2019 मध्येही तसेच झाले. वसंतात एका महापौरांना काळ्या लोकांबद्दलचा त्यांचा हिणकस संदेश बाहेर आल्यावर राजीनामा द्यावा लागला. आणि नोव्हेंबरमध्ये सफिया खालिद ही 23 वर्षांची सोमाली मुलगी, भरपूर शिव्याशाप सोसून, नगर परिषदेवर निवडून आली. 2022 मध्ये लुइस्टनमधूनच मना अब्दी राज्याच्या विधिमंडळात गेल्या.

*

एका माणसाविषयी मात्र थोडे थांबून लिहायला हवे. पॉल लपाज. 1948 साली लुइस्टनमध्येच फ्रेंच बोलणाऱ्या गरीब घरात जन्म. अठरा भावंडांत थोरले. बापाच्या मारहाणीमुळे अकराव्या वर्षी घर सोडले. इंग्रजी कच्चे असल्यामुळे कॉलेजात प्रवेश मिळेना. तेव्हा एका हितचिंतकाने शब्द टाकला आणि कॉलेजने त्यांची परीक्षा फ्रेंचमधून घेतली. मातृभाषेत पेपर मिळाला आणि मुलाची हुशारी दिसली! उर्दू शाळेच्या शिक्षकखोलीत लावावी अशी ही गोष्ट आहे.

हाच मुलगा पुढे उद्योगात शिरला, 2011 ते 2019 मेनचा गव्हर्नर झाला. आणि 2016 मध्ये याच गव्हर्नरांनी जाहीर सभेत सांगितले की बाहेरून येणारे गर्दचे व्यापारी इथल्या गोऱ्या मुलींना गरोदर करून निघून जातात. आश्रयाला येणारी माणसे रोग घेऊन येतात, असेही ते म्हणाले.

आम्हाला वाटायचे, ज्याने सोसले तो दुसऱ्याला सोसायला लावणार नाही. लपाज यांचे आयुष्य सांगते की हे आपोआप होत नाही. ज्याच्या आजोबांना 'परका' म्हटले गेले, तो नातू नव्या परक्याकडे बोट दाखवून स्वतः घरचा ठरतो. सोसलेले आठवणे आणि त्यातून शिकणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी शिकवावी लागते.

विसरवण्याचे काम तर सरकारेही करतात. मेनच्या किनाऱ्याला मलागा नावाचे चिमुकले बेट आहे. तिथे काळ्या-गोऱ्यांच्या मिश्र संसारांची काही कुटुंबे मासेमारी करून राहत होती. लहानशी शाळाही होती. तिथून जवळच्या ब्रन्सविक गावी गुलामगिरीविरुद्धची जगप्रसिद्ध कादंबरी 'अंकल टॉम्स केबिन' लिहिली गेली होती. पण 1912 साली मेन राज्याने या बेटावरच्या सगळ्यांना घालवून दिले. काहींना मतिमंदांच्या संस्थेत टाकले. कबरी उकरून प्रेते हलवली. शाळेची इमारत उचलून दुसऱ्या बेटावर नेली. बेट आजही ओसाड आहे. राज्याने खेद व्यक्त केला तो 2010 मध्ये, अठ्ठ्याण्णव वर्षांनी.

*

हे सगळे वाचून झाल्यावर आम्ही खालाकडे गेलो असतो, गोऱ्यांना नावे ठेवून परत आलो असतो, तर सोपे होते. पण वाचनात आणखी एक गोष्ट निघाली.

लुइस्टनला आलेले सगळे सोमाली एक नाहीत. 2005 च्या सुमारास तिथे 'सोमाली बांटू' येऊ लागले. यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात मोझांबिक, टांझानिया, मलावीच्या भागातून गुलाम म्हणून सोमालियात आणले गेले. दीन एक, मशीद एक. पण कुरळ्या केसांचे म्हणून त्यांना 'जरीर' म्हणत आणि वरचे सोमाली त्यांच्याशी सोयरीक करत नसत. यादवीत सर्वांत जास्त लुटले गेले ते हेच शेतकरी. कॅथरीन बेस्टमन या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक बाई 1987-88 मध्ये जुबा खोऱ्यातल्या अशाच एका खेड्यात राहिल्या होत्या. यादवीनंतर ते खेडे उजाडले. 2006 मध्ये त्यांना त्या खेड्यातली माणसे पुन्हा भेटली, ती लुइस्टनमध्ये! आता या बांटूंनी लुइस्टनजवळ वेल्स नावाच्या गावी शंभर एकरांहून अधिक जमिनीवर सामुदायिक शेती उभी केली आहे. मका पिकवतात, भाज्या पिकवतात. ज्यांना गुलामांची औलाद म्हणून हिणवले, ते मेनच्या बर्फाळ मातीत परत शेतकरी झाले.

तेव्हा काळ्यातही अधिक काळा असतो आणि मुसलमानातही कमी मुसलमान ठरवला जातो. आमच्या मावसभावाने फोनवर हसत सांगितले, "भाईजान, तिच्या अब्बांनी मला काय विचारले माहीत आहे? तुझा कबिला कोणता?" त्यांना जावई सोमालीच हवा होता, आणि तोही ठराविक कबिल्याचा. इकडे खाला म्हणत होती, बागवानाची असो, मोमीनाची असो, पण आपल्यातली असो. दोन खंडांतली दोन घरे, प्रश्न मात्र एकच.

आमच्या घरांत हा प्रश्न मुलीच्या जन्मापासून सुरू होतो. बाळंतिणीला केशर-दूध देतात ते कशासाठी? स्थळ सांगताना शिक्षण नंतर, रंग आधी. आमची एक विद्यार्थिनी दहावीला उर्दूत शाळेतून पहिली आली. तिला पाहायला आलेल्या बायका पेढा तोंडात टाकून म्हणाल्या, "होशियार है, लेकिन सावली है." ती मुलगी परातीतले पेढे वाटत तिथेच उभी होती.

आम्ही खालासमोर बसलो. लुइस्टनची हकीकत सांगितली. पत्र सांगितले, मशिदीतले ते मुंडके सांगितले. ते ऐकून तिने कानांना हात लावले. "या अल्लाह, नमाजेत?" "हो खाला. या मुलीचे घर तिथून फार लांब नव्हते. तेव्हा ती शाळेत जात होती." खाला गप्प झाली. आम्ही हजरत बिलालचे नाव काढले, तेव्हा मात्र तिने हात वर केला. "हजरत बिलाल का नाम नक्को ले. मेरे कू सब मालूम है. अरब-अजम, काला-गोरा, सब बराबर. जुमे का खुतबा मैं बी सुनी हूँ. पर बेटा, खुतबा मस्जिद में होता, शादी मोहल्ले में."

यापेक्षा खरे वाक्य आम्ही वाचलेल्या कुठल्याही पुस्तकात नव्हते. हज्जतुल विदाच्या खुतब्यात आमच्या पैगंबरांनी गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही असे बजावले, हे प्रत्येक मुसलमान अभिमानाने सांगतो. गोऱ्या देशांतल्या वर्णद्वेषावर बोलताना तर आपण ते हटकून सांगतो. पण अभिमान हा उपयोगात आणलेल्या गोष्टीचा असावा. कपाटात घडी घालून ठेवलेल्या चादरीने कोणाची थंडी जात नाही.

आम्ही खालाला एवढेच म्हणालो, "लुइस्टनच्या महापौरांनीही हेच म्हटले होते खाला. माणसे चांगली आहेत, पण गावाला झेपत नाही." ती बराच वेळ सुपातले तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "उसकी अम्मी कू फोन लगा के दे मेरे कू."

दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. सलाम झाला, मग मुलांची चौकशी, मग गुडघेदुखी. मधे आमचा मावसभाऊ आणि ती मुलगी दुभाषे. निकाहची तारीख अजून ठरलेली नाही. मुलीचे अब्बा अजून पूर्ण राजी नाहीत आणि आमच्याकडचे दोन मामूही नाहीत. गोष्ट सुखान्त झाली असे आम्ही लिहिणार नाही. पण फोटोवरचा पदर निघाला आहे.

*

25 ऑक्टोबर 2023 रोजी लुइस्टनचे नाव पुन्हा जगभर गेले. एका माणसाने बोलिंगच्या खेळघरात आणि एका उपाहारगृहात गोळ्या झाडून 18 जणांना मारले. मारणारा सोमाली नव्हता, बाहेरचा नव्हता. त्याच भागातला, राखीव सैन्यातला गोरा माणूस होता. वीस वर्षे ज्यांना 'धोका' म्हणून पाहिले गेले, तीही त्या रात्री इतरांसारखीच दारे लावून, मुलांना कुशीत घेऊन बसली होती. भीतीचे बोट बहुधा चुकीच्या दिशेला असते.

आता आमच्या धंद्याची एक गोष्ट. उर्दू माध्यमात शिकवतो म्हटले की लोक विचारतात, उर्दू शिकून मुले काय करणार? प्रश्न वाईट हेतूने विचारला जातो असे नाही. आमचे पालकही विचारतात. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांतल्या शाळा आहेत. तेलंगणातून विणकामासाठी आलेल्या पद्मशाली समाजाच्या मुलांना तेलुगूत शिकता आले म्हणून त्यांचे मराठी बिघडले नाही. आमच्या राज्यघटनेत कलम 350-अ आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे ते सांगते. मेनच्या 1919 च्या कायद्याबद्दल वाचल्यापासून आम्हाला या कलमाची किंमत अधिक कळू लागली आहे. आमची मुले मधल्या सुट्टीत दखनीत भांडतात, तासाला उर्दूत उत्तर देतात, मराठीच्या तासाला मराठीत. कोणालाही शंभर वेळा काही लिहून काढावे लागत नाही.

आठवीच्या वर्गाला आम्ही त्या फ्रेंच मुलांची हकीकत सांगितली. एका मुलीने विचारले, "सर, उन के पोते अब कौनसी जबान बोलते?" बहुतेक इंग्रजीच, आम्ही म्हणालो.

पण त्याला पुढे एक शेपूट आहे आणि तेही आम्ही वर्गात सांगितले. अलीकडच्या वर्षांत लुइस्टनला काँगो, जिबुती अशा देशांतूनही माणसे आली. या देशांवर फ्रान्सची किंवा बेल्जियमची सत्ता होती, म्हणून ती माणसे फ्रेंच बोलतात. गावातल्या फ्रेंच गप्पांच्या मंडळांत ती जाऊ लागली. ज्या म्हाताऱ्या गोऱ्या बायकांना लहानपणी शाळेत फ्रेंच बोलल्याची शिक्षा झाली होती, ज्यांची मुले-नातवंडे त्यांच्याशी इंग्रजीत बोलतात, त्यांना त्यांच्या आईच्या भाषेत बोलायला माणूस मिळाले. ते माणूस काळे होते आणि आफ्रिकेतून आले होते.

वर्ग थोडा वेळ शांत होता. मग मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, वो नकाशे पे किधर है?" आम्ही खडू टाकून काठी उचलली आणि उजव्या हाताचा अगदी वरचा कोपरा दाखवला.